दहावी सही: एका सस्पेन्स कादंबरीच्या हस्तलिखिताचं प्रकरण

बेळगावात माझं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, यात्रेची पोस्टरं, सोसायटीचे अहवाल, आणि वर्षातून दोन-तीन पुस्तकं, तीही बहुतेक पदरमोड करून काढलेले कवितासंग्रह. एका कॉम्प्युटरवर मराठीसाठी श्रीलिपी, दुसऱ्यावर कन्नडसाठी नुडी, कारण इथं एकाच गिऱ्हाईकाला पत्रिका मराठीत लागते आणि अर्ज कन्नडात. म्हणजे मी काही समीक्षक नाही, पण टाईप करणारा माणूस पुस्तक जेवढं सावकाश वाचतो तेवढं कोणच वाचत नाही, आणि कंटाळा कुठल्या पानावर सुरू झाला हे डोक्याच्या आधी बोटांना कळतं.

2022 च्या दिवाळीनंतर एक सर आले. निवृत्त हायस्कूल शिक्षक, खानापूरकडचे, नाव सांगत नाही. कडोली, येळ्ळूर, उचगाव असल्या आपल्या गावोगावच्या साहित्य संमेलनांत दुसऱ्या रांगेत मफलर गुंडाळून बसलेले असतात ना, त्यातले. पिशवीत चार दोनशेपानी वह्या. म्हणाले, "सस्पेन्स आहे. प्रेम आहे, राजकारण आहे, सूड आहे. काय नाही सांग." मी म्हटलं टाईप करू की सर, ठेवून जावा.

पहिला खर्डा असा होता. नायक 26 वर्षांचा, मराठी. नायिका कन्नड, आमदाराची एकुलती एक पोरगी. नायकाचा बाप 1981 च्या निपाणीच्या तंबाखू आंदोलनात गोळीबारात गेलेला, त्या गोळीबारामागे हाच आमदार, आणि नायक 2018 च्या निवडणुकीनंतर हिवाळी अधिवेशनात सुवर्णसौधमध्ये, म्हणजे इथल्या विधानसभेच्या इमारतीत, पिस्तूल घेऊन शिरतो. आता 2018 मधून 26 वजा करा. पोरगा 1992 चा. बाप 1981 ला गेला. मी हे भीत भीत सरांना दाखवलं तर ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "नायकाला 37 चा करू." मग त्याचं कॉलेजातलं प्रेम कुठं ठेवायचं?

पण खरा घोटाळा हा नव्हता, वयं बदलता येतात. साठाव्या पानापर्यंत कळायचं की सूड कोण घेणार, कुणावर आणि का, आणि पुढची साडेतीनशे पानं नुसती वाट बघायची. मध्ये अकरा पानं सीमाप्रश्न. 1 नोव्हेंबर 1956, मग 1966 चा महाजन आयोग, 1967 चा अहवाल, 1986 चं कन्नडसक्तीविरोधी आंदोलन, 2004 चा सुप्रीम कोर्टातला दावा, 2005 ला महापौरांच्या तोंडाला फासलेलं काळं, 2014 चा येळ्ळूरच्या फलकावरून झालेला लाठीमार, सगळं क्रमवार आणि सगळं बरोबर, एक तारीख चुकलेली नाही. आणि हे सगळं कोण बोलतंय, तर नायक, गोकाकच्या धबधब्यावर, नायिकेला. ती बिचारी अकरा पानं ऐकून घेते आणि शेवटी म्हणते, "तुझ्या डोळ्यांत सीमा दिसते मला." मी ते टाईप केलं आणि चहाला बाहेर गेलो.

सर पुढच्या आठवड्यात आले तेव्हा मी एक उद्योग करून ठेवला होता. नवऱ्या मुलाच्या आडनावात चूक झालेल्या दोनशे पत्रिका दुकानात पडून होत्या, त्यातल्या एकीच्या पाठीवर तीन रकाने आखले. वाचकाला काय माहीत, नायकाला काय माहीत, आमदाराला काय माहीत. प्रत्येक प्रकरण संपलं की तिन्ही रकान्यांत नोंद. सुवर्णसौधचं प्रकरण येईपर्यंत पहिले दोन रकाने शब्दाला शब्द सारखे भरले, आणि तिसऱ्यात प्रत्येक ओळीला "काही नाही". कुणाला कुणापासून काही लपवायचंच नाही तर सस्पेन्स येणार कुठून? सरांनी कार्ड उलटसुलट करून बघितलं, पुढच्या बाजूचा गणपती बघितला, आणि म्हणाले, "म्हणजे चार वह्या फुकट?" मला वाईट वाटलं. खरंच वाटलं.

आता इथून प्रकरण फिरलं, आणि त्यात माझं श्रेय काहीच नाही. चहा मागवला होता, सर निराश, विषय बदलायचा म्हणून मी त्यांच्या गावच्या निवडणुकीचं काढलं. तर ते सहज सांगायला लागले की एकदा ते स्वतः एका अपक्ष उमेदवाराचे सूचक होते, म्हणजे त्याच्या अर्जावर नाव सुचवून सही करणारे. मान्यताप्राप्त पक्षाचा उमेदवार असला की एका सूचकाची सही पुरते, नसला की दहा लागतात, दहाच्या दहा त्याच मतदारसंघातले मतदार, आणि प्रत्येकाचा यादीतला भाग क्रमांक आणि अनुक्रमांक बरोबर पाहिजे. आदल्या रात्री दहावा माणूस सापडेना. एकाला ताप, एक मुंबईला गेलेला, एकाच्या बायकोनं दारातूनच सांगितलं की आमचे हे कशावर सही करत नाहीत. रात्री साडेबाराला कुणाला तरी झोपेतून उठवून आणलं, त्यानं लुंगीवरच जीपच्या बॉनेटवर सही केली, टॉर्च सरांच्या हातात. आणि सकाळी फॉर्म द्यायला गेल्यावर कळलं की त्याचा भाग क्रमांक चुकलाय, मग पुन्हा पळापळ.

मी म्हटलं, "सर, हे कुठाय कादंबरीत?"

"ह्यात काय आहे लिहिण्यासारखं?"

कादंबरी तिथं होती, जीपच्या बॉनेटवर. पिस्तूल सर कधी हातात धरलेले नाहीत, मीही नाही, सुवर्णसौधमध्ये आत जाणं दूरच, अधिवेशनाच्या दिवसांत हलग्याच्या बाजूनं नुसतं गावी जायचं म्हटलं तरी पोलीस गाडी वळवतात. पण सही म्हणजे काय हे सरांना पुरेपूर माहीत. आणि हा शब्द बघा, मराठीतही सही, कन्नडातही सही. तहसीलदार कचेरीत कारकून "सही माडरी" म्हणतो तेव्हा कन्नड न येणारा म्हाताराही पेन उचलतो. तेवढं एक त्याला कळतं, वरचं काय लिहिलंय ते कळत नाही.

दुसरा खर्डा ह्या एका शब्दावर उभा राहिला. बाप जिवंत ठेवला. सरांचा ह्याला जबरदस्त विरोध, "बाप मेल्याशिवाय सूड कसला रे?" मी म्हटलं मेलेल्या बापाचा फोटो असतो, जिवंत बाप रोज समोर जेवायला बसतो. तर बाप आणि त्याचे तीन चुलतभाऊ, चौघांची सामायिक जमीन, शहराच्या कडेला, भाताची. गावचाच एक पुढारी, मराठी, सगळ्यांचा लाडका, भाषणात रडणारा, ह्यांच्याकडून एका कागदावर चार सह्या घेतो. कागद कन्नडात. त्यांना सांगितलं जातं की हे तात्पुरतं करारपत्र आहे, वीस गुंठ्याचं. ते असतं अडीच एकराचं खरेदीखत. कन्नडात त्याला क्रयपत्र म्हणतात, म्हाताऱ्याला तो शब्द करारपत्र असाच ऐकू आला, आणि ऐकवणाऱ्यानंही तो तसाच गिळत गिळत उच्चारला. दोन वर्षांनी पहाणी, म्हणजे इकडचा सातबारा, काढली तर नऊ नंबरच्या, मालकाच्या रकान्यात दुसऱ्याचंच नाव. म्हातारा कचेरीत ओरडतो की मी असल्या कागदावर सही केली नाही, आणि साहेब त्याच्यापुढे कागद धरतो, सही तुमचीच आहे ना? आहे की. मग?

खलनायक आपलाच माणूस करायचा ह्यावर सर पंधरा दिवस अडून बसले. "लोक काय म्हणतील, बाहेरचे टपलेत आणि तू घरातलाच चोर दाखवालास." मला त्यांची अडचण समजते, इथं राहणाऱ्या कुणालाही समजेल, आपल्यातली भांडणं चव्हाट्यावर आणायची नाहीत हे आपण दूध पिताना शिकतो. पण कन्नड आमदार खलनायक केला की पहिल्या पानावर निकाल लागतो, वाचकाला त्याच्यावर संशय घ्यायची गरजच राहत नाही, तो आधीच दोषी. ज्याच्या हातात भगवा आहे आणि जो आपल्या आजीला अक्का म्हणून हाक मारतो त्याच्यावर संशय घ्यायला वाचकाला त्रास होतो, आणि तो त्रास हाच सस्पेन्स. शेवटी सरांच्या बायकोनं निकाल दिला. म्हणाल्या, "आपल्या माणसानं फसवल्यावरच माणूस सूड घेतो, परक्यानं फसवलं तर केस घालतो." ते वाक्य सरांनी कादंबरीत घेतलं, काकूंना न विचारता.

तर पोरगा काय करतो, त्या पुढाऱ्याचा कार्यकर्ता होतो. झेंडे लावतो, गाडी चालवतो, पाच-सहा वर्षं विश्वास कमावतो. पुढाऱ्याला त्याचा बाप कोण हे सांगितलेलं असतं, पण त्याला आठवत नाही, कारण असे कागद त्यानं कितीतरी केलेत. आणि 2023 ला पुढारी अपक्ष उभा राहतो. इथं खरं वेळापत्रकच कामाला आलं. 13 एप्रिलला अधिसूचना, 20 ला अर्जाची शेवटची तारीख, 21 ला छाननी, 24 ला माघार, 10 मे मतदान, 13 ला निकाल. चारशे पानांची सदतीस वर्षांत पसरलेली गोष्ट आम्ही ह्या बारा दिवसांत कोंबली, 13 ते 24, मतदानापर्यंत जायचंच नाही. दहा सूचक गोळा करायचं काम पोराकडे. छाननीत दहावा माणूस उभा राहून म्हणणार, ही सही माझी नाही. सूचकाची सही खरी नाही असं ठरलं की अर्ज बाद, लोकप्रतिनिधित्व कायद्यात तसं स्पष्ट आहे. खून नाही, रक्त नाही.

मी खूश, सर खूश. आणि मग व्हिजिटिंग कार्ड छापायला आलेले एक वकील सहज पानं चाळता चाळता म्हणाले, "पण उमेदवार एकच अर्ज कशाला भरेल? चारपर्यंत भरता येतात की. शहाणा माणूस चारही भरतो, वेगवेगळे सूचक घेऊन." झालं. कादंबरीचा कणाच मोडला. सरांनी त्या दिवशी चहासुद्धा घेतला नाही.

दोन दिवसांनी सकाळी सव्वासातला सरांचा फोन. नमस्कार नाही काही नाही, "अरे, चार अर्ज आणि चार भाऊ!" मला क्षणभर कळेना, मग कळलं. चारही संच पोरगाच भरणार, चाळीस सह्या, आणि प्रत्येक संचात दहाव्या ओळीत एकेक चुलता, चौथ्यात बाप. प्रत्येक अर्जात नऊ खऱ्या उरतात आणि नऊवर अर्ज टिकत नाही. जे चौघे तेव्हा क्रयपत्रावर सही करून बुडाले तेच चौघे. वकिलानं भोक पाडलं म्हणून वैयक्तिक सूड भावकीचा झाला, नाहीतर बापलेकाचीच गोष्ट राहिली असती. आणि त्यात जो पीळ पडला तो आम्ही ठरवून घातलेला नाही. तेव्हा म्हातारा खरं बोलला होता, की मला हे माहीत नव्हतं, तर कुणी ऐकलं नाही. आता तो धडधडीत खोटं बोलतोय, सही त्याचीच आहे, आणि आता अख्खी कचेरी त्याचं ऐकते.

ह्या प्रसंगाची दोन पानं सरांनी सात वेळा लिहिली. शेवटची प्रत अशी, आबा म्हणजे पोराचा बाप:

"अधिकाऱ्यानं कागद फिरवून पुढे ठेवला. आबानं चष्मा काढला, पुसला, परत घातला. सही ओळखीची होती, ट चा पाय नेहमीसारखा लांब गेला होता. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, आबा सांग की, तुझीच हाय म्हणून. आबानं मान वर केली आणि उभ्या जन्मात पहिल्यांदा भरल्या कचेरीत कन्नड बोलला. इद नन्न सही अल्लरी."

ही सही माझी नाही, हे वाक्य कन्नडात का, ह्यावर आमचं बोलणंसुद्धा झालं नाही. ते तसंच आलं.

प्रेमाचं सांगायचं राहिलं. आमदाराची पोरगी काढून टाकली, तिच्या जागी बाँड रायटरची, म्हणजे दस्त लिहून देणाऱ्याची पोरगी आली, रजिस्ट्रार ऑफिसच्या समोरच्या गाळ्यात बापाबरोबर टायपिंग करणारी. कदाचित माझ्याच धंद्यातली म्हणून मला ती जास्त आवडते. पोरगा कन्नड वाचायला तिच्याकडे शिकतो, बसच्या तिकिटाच्या पाठीवर. एक पान निव्वळ आकड्यांवर आहे, कन्नड एक कसा जवळजवळ गोल असतो, एका बाजूला जरा उघडा, आणि तो पहिल्या दिवशी त्याला शून्य म्हणून वाचतो आणि ती इतकी हसते की तिच्या बापाला आतून विचारावं लागतं काय झालं म्हणून. धबधबा नाही, डोळ्यांतली सीमा नाही. आणि वाचकाला दुसऱ्या प्रकरणापासून माहीत असतं की ते क्रयपत्र तिच्या बापानंच टाईप केलंय. पोराला माहीत नाही. तिलाही निम्म्यापर्यंत नाही. आता पत्रिकेच्या पाठीवरचे रकाने बघा, एकही दुसऱ्यासारखा नाही, पोराचा बेत वाचकाला माहीत नाही, तिच्या बापाचं पोराला माहीत नाही, आणि पुढाऱ्याला कशाचाच पत्ता नाही.

छाननीला चौघांची प्रतिज्ञापत्रं लागतात, कन्नडात. ती कोण टाईप करणार? 20 च्या रात्री शटर अर्धं खाली ओढून ती चार खोटे कागद टाईप करते, त्याच टेबलावर जिथं बापानं आधीचा खोटा कागद केला होता, आणि तिसऱ्या कागदाला थांबून, स्क्रीनवरची नजर न काढता, त्याला सांगते की तो माझ्या वडलांनी केलेला होता. तो काय बोलतो? काही नाही. म्हणतो, चौथा राहिला. सरांनी इथं पहिल्यांदा अर्धं पान रडारड लिहिली होती, मी टाईप करताना गाळली, सरांनी प्रूफात बघितली आणि काही बोलले नाहीत.

एक गोष्ट आम्ही घालून परत काढली, तेही सांगतो, कारण पुष्कळ जण इथं फसतील. 1 नोव्हेंबर 2014 ला शहराचं नाव सरकारी दप्तरी बेळगावी झालं. सरांना वाटलं क्लू मिळाला, आधीच्या तारखेच्या कागदावर बेळगावी असं लिहिलेलं सापडतं आणि बनावटपणा उघडा पडतो. ऐकायला झकास. पण कन्नड लोक पहिल्यापासून बेळगावीच म्हणतात आणि लिहितात, बदललं ते इंग्रजी स्पेलिंग, आणि आपला कागद तर कन्नडात. क्लू मेला. सीमाप्रश्नाच्या अकरा पानांतलंही जवळपास सगळं गेलं. इथल्या वाचकाला ते पाठ आहे, 17 जानेवारीच्या हुतात्मा दिनाला आणि 1 नोव्हेंबरच्या काळ्या दिनाला दरवर्षी उजळणी होते, आणि पुण्याचा वाचक ती पानं उलटून पुढे जाणार. त्यातलं राहिलं ते एवढंच की पुढारी पोराला गाडीत एकदा म्हणतो, "बाळा, दावा कोर्टात आहे तोपर्यंत आपलं दुकान चालू आहे."

छाननीनंतरची रात्र मात्र लांबवली, साठ पानं. आक्षेप आला की उत्तर द्यायला उमेदवाराला मुदत मागता येते, जास्तीत जास्त छाननीच्या दिवसानंतर दोन दिवस. म्हणजे 23 पर्यंत चार म्हातारे शोधून त्यांना फिरवलं तर अर्ज अजून वाचू शकतो. आणि चौघे आहेत कुठं, तर लपलेलेच नाहीत, एका गावच्या लक्ष्मीच्या यात्रेत पाहुणे म्हणून जेवतायत. यात्रेच्या गावात प्रत्येक घरात पन्नास पाहुणे, कोण कुणाचा हे घरमालकालाही माहीत नसतं, चपलांच्या ढिगावरून माणूस शोधणार का? पुढाऱ्याचे लोक दारोदार फिरतात आणि प्रत्येक दारात त्यांना जेवून जा म्हणतात. नाही म्हणता येत नाही. तिसऱ्या घरापर्यंत त्यांची पोटं तुडुंब. हे मला सगळ्या कादंबरीत सगळ्यात जास्त आवडतं आणि हे सर्वस्वी सरांचं आहे.

आमचा खर्डा 2024 च्या मार्चला पूर्ण झाला. एक-दोघांनी वाचून सांगितलं की असं कुठं होतं का, सूचक फिरतात वगैरे, फारच फिल्मी. आणि एप्रिलमध्ये सुरत झालं. लोकसभेला काँग्रेसच्या उमेदवाराच्या सूचकांनी सह्या आमच्या नाहीत म्हणून प्रतिज्ञापत्रं दिली, 21 एप्रिलला अर्ज बाद, दुसऱ्या दिवशी बाकीच्यांची माघार आणि भाजपचा उमेदवार बिनविरोध. तारीखसुद्धा 21 एप्रिल. मी पेपर घेऊन सरांकडे गेलो, म्हटलं बघा सर, आता कोण फिल्मी म्हणतंय! सर हादरलेले. "आता म्हणतील मी तिथनं उचललं." मला हसू आवरेना आणि त्यांना राग आवरेना.

शेवटावर अजून आमचं पूर्ण जमलेलं नाही. सरांना पोराचं आणि तिचं लग्न दाखवायचं होतं, निदान दोघांना गोव्याच्या बसमध्ये तरी बसवायचं होतं. ते मी मोडून काढलं. आता कादंबरी पुढाऱ्यावर संपते. अर्ज बाद झाला की अनामत परत मिळते, सर्वसाधारण उमेदवाराचे 10,000 रुपये. निकाल लागून गेलेला, उन्हाची वेळ, तो एकटाच कचेरीत जातो, बरोबर कार्यकर्ता नाही, गाडी स्वतः चालवत आलेला. कारकून कन्नडात छापलेली पावती पुढे सरकवतो, तो ती वाचायला बघतो, चष्मा गाडीत राहिलेला. कारकून बोट ठेवून म्हणतो, "इल्लि सही माडरी."

सरांच्या मते तिथं तळटीप पाहिजे, इल्लि म्हणजे इथं, माडरी म्हणजे करा, नाहीतर पुण्याच्या वाचकाला कळायचं नाही. मी म्हटलं न कळू दे, त्या माणसालाही पावतीवरचं काही कळत नाही. दोन प्रूफांत मी तळटीप गाळली. तिसरं प्रूफ काल परत आलं, त्यात ती लाल पेनानं ठसठशीत लिहून पाठवलीय आणि शेजारी सरांची सही.